पडद्यावरचा खलनायक

मुलांनो, तिसगावहून शेवगावकडे निघालात की वाटेत अमरापूर लागते. सदाशिव अमरापूरकर या नटाच्या आडनावातच ते गाव आहे. त्यांचा जन्म ११ मे १९५० रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला. घरचे नाव गणेश. रंगभूमीवर ते सदाशिव झाले.

त्यांना नाटकाचे भारी वेड. 'हँड्स अप' या मराठी नाटकातील त्यांचे काम दिग्दर्शक गोविंद निहलानी यांनी पाहिले आणि 'अर्धसत्य' (१९८३) या हिंदी चित्रपटात त्यांना रामा शेट्टीची भूमिका दिली. खलनायक म्हटला की आरडाओरडा आलाच, असे तुम्हांला वाटत असेल. रामा शेट्टी ओरडत नाही. तो शांतपणे बोलतो, म्हणूनच त्याची जास्त भीती वाटते. भूमिका लहान, पण तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे 'सडक' (१९९१) मधील खलनायकानेही तो मिळवला. 'भारत एक खोज' या मालिकेत मात्र हेच अमरापूरकर महात्मा फुले झाले! पाहणाऱ्यांना दोन्ही खरे वाटले.

२०१३ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. गावोगावी लोक टँकरची वाट पाहत होते. त्याच वेळी मुंबईत होळीच्या नाचगाण्यात पाणी उधळले जात होते. अमरापूरकरांनी हटकले, तर त्यांनाच मारहाण झाली. तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते.

३ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अंत्यविधी मात्र नगरलाच झाला.