माऊस बंद पडला तरी अर्ज अडू नये



गडचिरोली व मेळघाटातून शिक्षणासाठी नागपूरला येणाऱ्या मुलामुलींपुढे दरवर्षी एक दिवस कसोटीचा असतो. 'महाडीबीटी'वर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, तारीख संपत आलेली असते आणि जमातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका डेस्कटॉपवरच्या पन्नास फायलींत हरवलेल्या असतात. त्यात देणगीत मिळालेल्या जुन्या संगणकाचा माऊस चालत नसेल तर मूल हात जोडून बसते. खरे तर ही आवराआवर नुसत्या कीबोर्डनेही होते. बेसा परिसरात आपल्यापैकी जे कोणी मुलांना संगणक शिकवतात, त्यांच्यासाठी हा धडा. तो विंडोज संगणकासाठी आहे.

१. विंडोज + डी दाबा. उघड्या खिडक्या बाजूला होऊन डेस्कटॉप दिसेल. आता बाणाच्या कळांनी एका आयकॉनवरून दुसऱ्यावर जाता येते.

२. कंट्रोल + शिफ्ट + एन दाबा. नवा फोल्डर तयार होईल. 'दाखले' असे नाव लिहून एन्टर दाबा. नाव चुकले तर एफ२ दाबून बदला.

३. बाणाने पहिल्या दाखल्यावर या. कंट्रोल दाबून धरा, बाणाने पुढच्या दाखल्यावर जा आणि कंट्रोल न सोडता स्पेस दाबा. असे सगळे दाखले निवडून कंट्रोल + एक्स दाबा. आयकॉन फिकट दिसतील. घाबरू नका, फायली गेलेल्या नाहीत.

४. बाणाने 'दाखले' फोल्डरवर या. एन्टर दाबून तो उघडा आणि कंट्रोल + व्ही दाबा. चूक झाली तर लगेच कंट्रोल + झेड दाबा.

५. फोल्डर ऑल्ट + एफ४ ने बंद करा. हीच कळ रिकाम्या डेस्कटॉपवर दाबली तर संगणक बंद करायचा का, असे विचारले जाते. तेव्हा एस्केप दाबा.

आयकॉन ओढून हव्या त्या जागी ठेवायचाच असेल तर डावा ऑल्ट + डावा शिफ्ट + नमलॉक दाबून विचारणा आल्यावर एन्टर दाबा. मग उजवीकडच्या अंकांच्या कळा माऊसचे काम करतात: ८, २, ४, ६ ने बाण हलतो, ५ ने क्लिक होते, ० ने आयकॉन धरला जातो व टिंबाच्या कळीने सुटतो.

हात थरथरणाऱ्यांना या कळा माऊसपेक्षा सोप्या जातात. दृष्टिहीन मुलांचा तर त्याच आधार आहेत. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणाने २००६ साली सुरू केलेले एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक आयकॉनचे नाव मोठ्याने वाचून दाखवते.

या तिमाहीचा अभ्यास: माऊस काढून ठेवा आणि एका मुलासोबत बसून 'दाखले' फोल्डर तयार करा. कळा त्यालाच दाबू द्या. पुढच्या वर्षी तो अर्ज स्वतः भरेल.