आपला हिशेब आपल्या हाती

सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी एक विलक्षण घटना घडली. १२ तारखेला आसपासच्या खेड्यांतील शेतकरी तेथील बाजारपेठेत जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. लूटमार झाली, जाळपोळही झाली. परंतु जमावाचा मुख्य रोख पैशाअडक्यावर नव्हता. त्याला हव्या होत्या सावकारांच्या हिशेबाच्या वह्या आणि कर्जाचे रोखे. हाती लागलेल्या कागदांची उघड्यावर होळी करण्यात आली. पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात हा प्रसंग ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ओळखला जातो.

एरवी सोशिक असणारा शेतकरी नुसत्या कागदांवर इतका का चिडावा? याचे उत्तर त्याआधीच्या काही वर्षांत सापडते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, त्यामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागले. पुढे युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला, आणि नेमक्या त्याच वेळी सावकारांनी हात आखडता घेतला. नवे कर्ज मिळेना. जुने मात्र वाढतच चालले.

ते कसे वाढे, हे समजून घेण्याजोगे आहे. बहुतेक शेतकऱ्यांना लिहिता-वाचता येत नसे. रोख्यावर सहीच्या जागी ते नांगराची निशाणी करीत. वर काय लिहिले आहे, ते लिहिणाराच जाणे! १८५९ च्या कायद्यानुसार अशा रोख्याची मुदत तीन वर्षांची असे. म्हणून दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाई. समजा, एखाद्याने दरसाल दरशेकडा २४ दराने १०० रुपये घेतले आणि काहीच फेडले नाही. तीन वर्षांचे व्याज ७२ रुपये झाले. म्हणजे नवा रोखा १७२ रुपयांचा. सहा वर्षांअखेर देणे २९५ रुपये ८४ पैसे होई आणि नऊ वर्षांअखेर सुमारे ५०९ रुपये. घेतले शंभर, द्यायचे पाचशेहून अधिक!

यावरून शेतकरी उधळ्या होता असे मात्र म्हणता येणार नाही. पाऊस, बाजारभाव आणि सारा यांपैकी एकही गोष्ट त्याच्या हातची नव्हती. पण अशा पडत्या काळात माणसाला ज्या दोन गोष्टी आधार देतात, त्याही त्याच्याजवळ नव्हत्या. एक म्हणजे गाठीची शिल्लक, आणि दुसरी स्वतः लिहिलेला हिशेब. दंग्यांची चौकशी होऊन १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. दिलेल्या पैशाची पावती व हिशेबाचा लेखी उतारा मागण्याचा हक्क कर्जदाराला मिळाला. आपला हिशेब आपल्याला कळला पाहिजे, ही साधी गोष्टही मोठ्या संघर्षानंतर पदरात पडली.

पुढे १८८२ साली आपल्या देशात टपाल कचेरीतील बचत बँक सुरू झाली आणि थोडीथोडकी शिल्लक सुरक्षित ठेवण्याची सोय सामान्य माणसाला मिळाली. आज दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला किंवा मुलीलाही तेथे स्वतःच्या नावाने खाते उघडून ते स्वतः चालवता येते. कर्जदाराला बुडवणारे व्याज येथे ठेवीदाराच्या बाजूने काम करते.

बचतीचा आरंभ मात्र बँकेत होत नाही. तो घरी, एका साध्या वहीत होतो. वहीत तारीख, तपशील, जमा, खर्च व शिल्लक असे पाच रकाने पुरतात. सातवीतील एका मुलीला महिन्याला ३०० रुपये मिळतात असे समजू. तिने प्रथम ६० रुपये बाजूला काढले. वह्या व पेन यांना ९० रुपये लागले, मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या भेटीला ५० आणि शाळेच्या वाटेवरील खाऊला ७०. एकूण २७० रुपये गेले व ३० उरले. खाऊवर फार तर वीस-तीस रुपये जात असतील, अशी तिची समजूत होती. वहीने खरा आकडा दाखवला. पुढच्या महिन्यात काय कमी करायचे, हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

यातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. खर्च करून उरेल ते शिल्लक टाकू, असे म्हणणाऱ्याजवळ क्वचितच काही उरते. आधी शिल्लक, मग खर्च, हीच खरी रीत होय. दरमहा ६० रुपये म्हणजे वर्षाचे ७२० आणि तीन वर्षांचे २,१६० रुपये, व्याज निराळेच. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

काटकसर म्हणजे कंजुषी नव्हे. औषधपाण्याला, पुस्तकाला किंवा अडलेल्या शेजाऱ्याला पैसा नाकारणारा मनुष्य कंजूष ठरतो. गरज आणि हौस यांतला फरक ओळखून हौसेला थोडे थांबायला लावणारा मनुष्य काटकसरी ठरतो. आज हा विवेक अधिकच हवा. मोबाइलवरून पैसे देताना नोट हातातून जात नाही, त्यामुळे खर्च झाल्याची जाणीवही होत नाही. ‘आज वस्तू न्या, पैसे हप्त्याने द्या’ असे दुकानदार सांगतो, तेव्हा सर्व हप्त्यांची बेरीज करणे ग्राहकाच्याच हिताचे असते. कागदावर काय लिहिले आहे ते वाचल्यावाचून सही करू नये, हा नियम आजही तितकाच खरा आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. पण अंथरूण किती लांब आहे, हे आधी मोजावे लागते. रोज रात्री दोन ओळी लिहिणारा हात ते मोजत असतो. अशा माणसाला संकटे येत नाहीत असे नाही. परंतु संकटाच्या दिवशी आपल्याजवळ काय आहे आणि आपण कोणाचे किती देणे लागतो, हे त्याला दुसऱ्याच्या वहीत पाहावे लागत नाही.

स्वाध्याय
१. सुपे येथील शेतकऱ्यांनी हिशेबाच्या वह्या व रोखे का जाळले?
२. १०० रुपयांचे कर्ज नऊ वर्षांत सुमारे ५०९ रुपये कसे झाले, ते गणित मांडून दाखवा.
३. काटकसर व कंजुषी यांतील फरक एकेक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. एक महिनाभर स्वतःचा जमाखर्च लिहा व त्यातील गरजेचे आणि हौसेचे खर्च वेगळे काढा.