नवी पद्धत व जुना शिरस्ता

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण आपापल्या गांवच्या विविध कार्यकारी सहकारी संस्थेचे सभासद आहेत, आणि कांहीं जण संचालकही आहेत. प्राथमिक कृषि पतसंस्थांचें कामकाज संगणकावर आणण्याची योजना केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें मंजूर केली. त्या वेळीं तिचा आवांका ६३,००० संस्था व खर्च २,५१६ कोटी रुपये असा धरला होता. त्यानंतर गांवोगांव यंत्रें येऊन बसलीं. परंतु यंत्र आलें म्हणजे काम बदललें असें होत नाहीं. कित्येक ठिकाणीं सचिव आधीं रोजकीर्द हातानें लिहितो, खतावणी हातानें करितो, आणि सवड सांपडेल तेव्हां तेंच पुन्हां यंत्रांत भरतो. संचालक मंडळींची तक्रार अशी कीं, माणूस आळशी आहे, त्यास नवें शिकावयाचें नाहीं. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत उमेद घालविली. तेथें कामाच्या रीतींत दोन मोठे पालट आमच्या डोळ्यांदेखत झाले, आणि दोन्ही वेळीं हीच तक्रार आमच्याविषयीं केली जात होती. सबब आरोपीच्या पिंजर्‍यांतून कांहीं सांगावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

पहिला पालट दप्तराचा. अहमदनगर जिल्ह्याचे (या जिल्ह्यास हल्लीं अहिल्यानगर म्हणतात) जिल्हाधिकारी श्री. अनिलकुमार लखिना यांनीं १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत आपल्या कचेरीचें दप्तर नव्यानें लावलें. ती पद्धत पुढें 'लखिना पॅटर्न' या नांवानें राज्यांतील इतर कचेर्‍यांत गेली. तिचा एक भाग सहा गठ्ठ्यांचा. प्रत्येक कारकुनानें आपल्या टेबलावरील कागद सहा गठ्ठ्यांत ठेवावे : ज्यांवर काम करावयाचें तीं प्रलंबित प्रकरणें, ज्यांवर दुसरीकडून उत्तर यावयाचें तीं प्रतीक्षाधीन प्रकरणें, ठराविक मुदतीनें पाठवावयाचीं नियतकालिकें, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेखकक्षांत धाडावयाचीं निकालीं प्रकरणें, आणि नष्ट करावयाचे कागद. निकालीं कागदांचे पुन्हां अ, ब, क, ड असे वर्ग. 'अ' कायमचा जतन करावयाचा, 'ब' तीस वर्षें, आणि 'ड' एक वर्षानें फाडावयाचा. यांत न समजण्यासारखें कांहींच नाहीं. बियाण्याचें पोतें, खाण्याचें पोतें आणि बाजारांत न्यावयाचें पोतें शेतकरी निरनिराळीं ठेवतो, त्यांतलाच हा प्रकार.

असें असतां आमच्या कचेरीनें या पद्धतीस दोन वर्षें दाद दिली नाहीं. त्याचें कारण ज्या गृहस्थांत मूर्त झालें होतें, ते आमचे एक वृद्ध अव्वल कारकून. कुळकायद्याच्या एखाद्या जुन्या प्रकरणाचा कागद मागितला कीं ते क्षणभर डोळे मिटून बसत, मग उठून माळ्यावरच्या नेमक्या रुमालांतून तो काढून आणीत. साहेब बदलत, पण या गृहस्थांची गरज बदलत नसे. त्यांचा मान, पक्षकारांनीं त्यांस घातलेला नमस्कार, ते रजेवर गेले कीं अडणारें काम, हें सर्व त्या अव्यवस्थेवर उभें होतें. सहा गठ्ठे झाले म्हणजे काल लागलेला पोरगाही तोच कागद दोन मिनिटांत काढणार. त्यांस नवी पद्धत समजत नव्हती असें नव्हे. ती आम्हां सर्वांच्या आधीं त्यांसच समजली होती.

परिपत्रकें आलीं. खुलासे मागविले गेले. तपासणीच्या आदल्या रात्रीं गठ्ठे बांधले जात आणि तपासणी अधिकार्‍यांची गाडी हलतांच सुटत. पुढें एक नवे तहसीलदार आले. त्यांनीं या गृहस्थांस बोलावून सांगितलें, "अण्णा, यांतला कोणता कागद 'अ' वर्गाचा आणि कोणता फाडावयाचा, हें तुमच्याशिवाय या कचेरींत कोणास कळत नाहीं. आम्ही चुकून फाडला तर लोकांचे हक्क बुडतील. तुम्ही बसा, तुम्ही सांगा." आणि इतकें बोलून ते थांबले नाहींत; अण्णांचें रोजचें काम त्यांनीं एक महिना दोघां कारकुनांत वांटून दिलें, त्यांतला एक हिस्सा आमच्या वांट्यास आला व आम्हीं त्याबद्दल पुरेसे कुरकुरलोंही. अण्णा दोन शिपाई घेऊन महिनाभर धुळींत बसले. महिन्याअखेरीस तेच गृहस्थ आमच्या टेबलापाशीं येऊन आमचा नियतकालिकांचा गठ्ठा कसा चुकला आहे तें आम्हांस शिकवूं लागले. त्या वेळीं आम्हांस वाटलें कीं गोड शब्दांनीं काम झालें. तें खरें नव्हे. रोजचें काम डोक्यावरून उतरविलें नसतें, तर गोड शब्द आठ दिवसांत आंबले असते. हें आम्हांस पंचवीस वर्षांनीं, दुसर्‍या पालटाच्या वेळीं, स्वतःच्या चुकीनें कळलें.

दुसरा पालट सातबार्‍याचा. जमिनीचे अभिलेख संगणकावर आणण्याचा प्रयोग केंद्र सरकारनें १९८८-८९ सालीं आठ राज्यांतील एकेका जिल्ह्यांत आरंभिला. त्यांत महाराष्ट्रांतील वर्धा जिल्हा होता. २००८ मध्यें त्यास राष्ट्रीय कार्यक्रमाचें रूप आलें, आणि पुढें ई-फेरफार होऊन गांव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, यंत्रावर गेली. या अवधींत कित्येक वर्षें हस्तलिखित सातबारा व संगणकीय सातबारा असे दोन्ही नांदत होते. दोन्ही लिहावयाचे तलाठ्यानें (२०२४ पासून या पदास ग्राम महसूल अधिकारी असें नांव आहे), आणि मेळ घालावयाचा तालुक्याच्या कारकुनानें. दिवसां सर्व्हर मंद चाले, म्हणून पुष्कळ तलाठी रात्रीं बसत. शिक्षण म्हणावें तर दोन दिवसांचें. मोठें दालन, पडद्यावर चित्रें, दुपारीं जेवण, आणि चाळीस माणसांत हात लावावयास एक यंत्र. आमच्या मतें त्या दोन दिवसांत जें आम्ही शिकलों त्याहून अधिक शेजारच्या टेबलावरील एका तरुण कारकुनानें आम्हांस चहाच्या वेळांत शिकविलें. तो हंसत नसे, हा त्याचा मोठा गुण. पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसास चूक होण्याची भीति नसते. तरुणासमोर चूक होण्याची असते.

आणखी एक गोष्ट सांगावयाची म्हणजे, संगणकाचा हुकूम ज्यांच्या सहीनें निघाला तेच वरिष्ठ एखाद्या तंट्याची सुनावणी आली कीं म्हणत, "तें छापील राहूं द्या, हस्तलिखित काढा." त्यांचेंही चुकत नव्हतें, कारण छापिलांत चुका होत्या. पण कचेरींतील प्रत्येक माणसानें त्यावरून काय ओळखावयाचें तें ओळखलें. हुकूम एक सांगतो आणि साहेबांचा हात दुसर्‍या कागदाकडे जातो, तेव्हां कारकून हातावर नजर ठेवतो. त्यामुळें हस्तलिखितांत काळजी आणि छापिलांत उरकाउरकी, असा शिरस्ता पडला, आणि उरकाउरकीमुळें छापिलांतल्या चुका वाढत गेल्या.

त्या उरकाउरकींत आमचाही हात होता. एका गांवचे छापील सातबारे हस्तलिखिताशीं पडताळून 'मेळ बसला' अशी सही आम्हांस करावयाची होती. त्याच आठवड्यांत जमाबंदीचें काम होतें, निवडणुकीची यादी होती, आणि टेबलावरचें काम कोणी उचलून घेतलेलें नव्हतें. आम्हीं दहांतले दोन उतारे पाहिले आणि सर्वांवर सही केली. पुढें एक विधवा बाई पीककर्जाकरितां बँकेंत गेल्या. वारसाची नोंद रीतसर होऊन मंडळ अधिकार्‍यांनीं ती प्रमाणित केलेली होती, पण छापील उतार्‍यावर मयत पतीचेंच नांव. बँकेनें परत धाडलें. त्या आमच्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमच्या कागदावर ते अजून जिवंत हायेत. मग कर्ज त्येंनाच द्या म्हणा." आम्हीं मान वर केली नाहीं. महसूल संहितेच्या कलम १५५ खालीं लेखनप्रमादाची दुरुस्ती होऊन नांव लागेपर्यंत पेरणीचे दिवस निघून गेले होते. त्यांनीं खाजगी व्याजानें पैसे काढले, असें मागाहून कळलें. त्या सहीबद्दल आम्हांस कोणीं जाब विचारला नाहीं, आणि आम्हींही त्या वेळीं कोणास सांगितलें नाहीं.

२०१७ सालीं चावडीवाचनाची मोहीम निघाली. छापील सातबारे गांवांत खातेदारांपुढें वाचावयाचे, आणि ज्याचें त्यानें सांगावयाचें कीं क्षेत्र बरोबर आहे कीं नाहीं, विहिरींतला हिस्सा आला आहे कीं नाहीं. आम्ही अशा एका वाचनास हजर होतों. जें दोन वर्षांच्या तपासण्यांत निघालें नव्हतें तें लिंबाच्या झाडाखालीं दोन तासांत निघालें. आणि मौज अशी कीं, चुका निघाल्या म्हणून तलाठी खजील न होतां हलका झाला. कारण मेळ घालण्याचें ओझें त्या दिवशीं प्रथमच त्याच्या एकट्यावर नव्हतें. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला, आणि हस्तलिखित काढण्याचें कारणच उरलें नाहीं. तेव्हां कोठें कचेरीची संवय बदलली.

शेजारच्या कर्नाटकानें हेंच काम 'भूमी' या नांवानें २००१ च्या सुमारास केलें. सुमारें ६७ लक्ष खातेदारांचे दोन कोटि उतारे होते आणि ते सुमारें ९,००० ग्राम लेखपालांच्या हातीं होते. तेथील क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. आधीं उतारे यंत्रांत भरले, मग ते छापून पडताळणीकरितां त्याच लेखपालांच्या हातीं दिले, आणि नंतर एकेक तालुका तयार होतांच त्या तालुक्यांत हस्तलिखित उतारा बेकायदेशीर ठरविला. जुना दरवाजा एका ठरलेल्या दिवशीं बंद झाला. पण पडताळणी झाल्यावर, आधीं नव्हे. आमच्याकडे दोन्ही दरवाजे फार दिवस उघडे राहिले, आणि राखण करणारा माणूस एकच.

आतां संस्थेच्या संचालकांकडे वळूं. तुमचा सचिव यंत्र असतां वही कां लिहितो, हें त्यास विचारण्यापूर्वीं आपण त्याच्याकडे काय मागतों तें पाहावें. मासिक सभेंत अध्यक्ष "वही आणा" म्हणत असतील, तर सचिव वहीच लिहिणार. अध्यक्षांनीं छापील तेरीज मागावी, ती वाचतां येत नसेल तर तेवढी शिकून घ्यावी. सचिवापुढें शिकावयास लाजूं नये. वही बंद करण्याची तारीख सभेच्या ठरावांत घालावी. त्या तारखेपूर्वीं एक हंगाम दोन्ही हिशेब चालवून रोजच्या रोज ताळा पाहावा, आणि तेवढ्या हंगामापुरता हाताखालीं एक शिकलेला मुलगा पगार देऊन ठेवावा. या पगारास संचालक हटकून विरोध करितात. एवढ्या मोलाचें यंत्र आयतें मिळालें असतां तीन महिन्यांचा पगार जड वाटावा, हें आम्हांस कधीं कळलें नाहीं. सभासदांस कर्जखात्याचा छापील उतारा हातीं द्यावा आणि चूक दाखवावयास सांगावें. वसुलीच्या हंगामांत नव्हे, त्याच्या आधीं. पहिल्या महिन्यांतल्या चुकांबद्दल दंड करूं नये, मात्र लपविलेल्या चुकीबद्दल जरूर करावा.

सचिव जुना असेल तर त्याच्याजवळ कांहीं गोष्टी अशा असतात कीं त्या यंत्रांत भरण्यास कोणती जागा नसते. कोणत्या खातेदाराचें खरें नांव कोणतें, कोणत्या दोन भावांचा हिस्सा कागदावर एक पण व्यवहारांत निराळा, कोणत्या जामीनदाराचें निधन झालें. त्या त्याच्याकडून वेळीं लिहवून घ्याव्या, आणि त्या त्याच्या नांवानें सभेपुढें ठेवाव्या. तो निवृत्त झाल्यावर विचारावयास गेलां तर तो सांगेल. पण तोंवर त्याला आठवण राहिलेली नसेल.

येथवर आम्हीं नोकरांविषयीं लिहिलें. परंतु १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि स्वतःच्या पिकाची नोंद खातेदारानेंच भ्रमणध्वनीवर करावी असें ठरलें. म्हणजे गांव नमुना बाराचें जें काम पिढ्यान्‌पिढ्या तलाठी करीत आला त्याचा एक भाग आपणां सर्वांकडे आला. त्या वर्षीं आमच्या पारावर जी वाक्यें ऐकूं आलीं तीं आम्हांस तोंडपाठ होतीं. त्यांचें काम आमच्या गळ्यांत कां, रेंज नाहीं, चुकलें तर अनुदान जाईल, जबाबदार कोण. वीस वर्षांपूर्वीं हींच वाक्यें आम्ही कचेरींत बोलत होतों, आणि शेतकरी बाकावर बसून आम्हांस आळशी म्हणत होते.

पारावर जो उपाय निघाला तो कोणत्याही परिपत्रकांत नव्हता. गांवांतील महाविद्यालयांत जाणारी एक मुलगी रविवारीं आपल्या आजोबांबरोबर बांधावर गेली आणि तिनें त्यांच्याच हातांत यंत्र देऊन नोंद करविली. दुसर्‍या रविवारीं आजोबा शेजार्‍याच्या बांधावर गेले. आम्ही तिसर्‍या रविवारीं त्यांच्या बरोबर आमच्या गटांत गेलों. तुरीचें छायाचित्र पहिल्यानें तिरपें आलें, दुसर्‍यानें त्यांत आमची सांवलीच आली. आजोबा म्हणाले, "रावसाहेब, उन्हाकडे पाठ करूं नका." तिसरें साधलें.