मन जड झाले असता श्वासाचा उपयोग



संत्र्याचा बहार गळाला, कापसाचा भाव पडला, किंवा घरचे माणूस गेले, की मोहगाव-सौंसरकडचा माणूस म्हणतो, "छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते." हे खोटे नसते. काळजीने श्वास उथळ व भराभर चालतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस अधिकच घाबरतो.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून प्राणायामाची शास्त्रीय तपासणी चालविली. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. म्हणून श्वास सोडणे लांबवावे, हेच या पाठाचे सार.

कृती :

१. पाठ टेकून बसावे किंवा निजावे. एक हात पोटावर ठेवावा.

२. मनात चार अंक मोजीत नाकाने श्वास घ्यावा. पोट वर यावे, खांदे नव्हेत.

३. सहा अंक मोजीत सावकाश सोडावा. श्वास कोंडून धरू नये.

४. सकाळी व निजण्यापूर्वी पाच-पाच मिनिटे करावे. एरवी मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस श्वास होतात, या रीतीने सुमारे सहा होतात. चक्कर आल्यास थांबावे.

मध्येच रडू आले तर येऊ द्यावे. श्वासाने गेलेले माणूस परत येत नाही, कर्जही फिटत नाही. पण घटकाभर जीव थाऱ्यावर येतो आणि कोणाशी दोन शब्द बोलता येतात.

हे मात्र ध्यानात ठेवावे :

• फवारणीनंतर दम लागला, फार घाम सुटला, लाळ गळू लागली, नजर अंधुक झाली, तर ती काळजी न समजता विषबाधा समजावी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने अनेक शेतकरी व मजूर दगावले. भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे व औषधाचा डबा घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

• छातीत कळ आली किंवा ओठ निळे पडले, तर श्वास मोजीत बसू नये. १०८ वर गाडी बोलवावी.

• दम्याचा पंप व रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

• जीव नकोसा वाटू लागला तर एकटे राहू नये. घरच्यांना सांगावे. टेलिमानसचा १४४१६ हा फोन रात्रंदिवस, फुकट चालतो.

आज रात्री निजताना घरातील सर्वांनी मिळून पाच मिनिटे करून पाहावे.