बुधवार हा बुद्धाचा वार काय?

धम्मवर्गात हा प्रश्न वडीलधारी माणसे विचारतात, तशी कॉलेजात शिकणारी मुलेही विचारतात. उत्तर 'नाही' असेच आहे. बुध हा ग्रह होय. 'बुध' आणि 'बुद्ध' हे दोन्ही शब्द 'जाणणे' या अर्थाच्या एकाच धातूपासून झाले, एवढेच त्यांचे नाते. सोमवारचा उपास सोडून बुधवारचा धरला, तर धर्मांतराने बदलले काय?

मग वार आले कोठून? जुन्या ज्योतिष्यांनी पृथ्वी मध्यभागी मानली आणि आकाशात फिरणारे सात गोल दुरून जवळ असे मांडले : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे चोवीस तास, म्हणजे होरे, या क्रमाने एकेकाला वाटून दिले. पहिला होरा शनीचा धरला, तर पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, रवीचा येतो. म्हणून शनिवारनंतर रविवार. पुढे सोम, मग मंगळ. मुलांना बोटांवर मोजायला लावा. सातही वार बरोबर निघतात. 'होरा' हा शब्द मुळात ग्रीकांचा, आणि वारांची ही रीतही पश्चिमेकडून आपल्याकडे आली. सम्राट अशोकाच्या स्तंभलेखात तिष्य व पुनर्वसू नक्षत्रे आहेत, चतुर्दशी आहे, उपोसथाचा दिवस आहे, वार नाही. मध्य प्रदेशातील एरणच्या इ. स. ४८४ च्या लेखात मात्र गुरुवार सापडतो.

पोर्तुगीज ख्रिस्ती लोकांनी सोमवार ते शुक्रवार ग्रहदेवतांची नावे टाकून 'दुसरा', 'तिसरा' असे आकडे घातले. इंग्रजांनी थोर या जुन्या देवाचा थर्सडे तसाच ठेवला, म्हणून कोणी थोरला भजत नाही. तेव्हा आपणही वारांची नावे बदलण्याच्या खटाटोपात पडू नये, असे माझे मत आहे.

बौद्धांची गणना चंद्रावर चालते. इतर पंथांचे परिव्राजक अष्टमी, चतुर्दशी व पौर्णिमा-अमावास्येला जमतात, तसे भिक्षूंनीही जमावे, असे राजा बिंबिसाराने सुचविले आणि तथागतांनी ते मान्य केले, असे विनयपिटकातील महावग्गात आहे. म्हणजे ज्या अवसेला आपल्या घरांत अजून लिंबू-मिरची टांगतात, ती उपोसथाची तिथी! वैशाख हे नावही विशाखा नक्षत्रावरून पडले. त्या महिन्याची पौर्णिमा त्याच्या आसपास येते. श्रीलंकेत तोच 'वेसाक'.

नावे राहोत; भीती मात्र घरात ठेवू नका. शनिवारी तेल आणायचे नाही, मंगळ असलेली मुलगी करायची नाही, हे बौद्ध घरांत चालते कसे? नक्खत्त जातकात अशीच एक गोष्ट आहे. लग्नाचा दिवस ठरला होता. आपल्याला आधी विचारले नाही म्हणून रागावलेल्या आजीवकाने वरपक्षाला सांगितले, 'आज नक्षत्र चांगले नाही.' वऱ्हाड गेलेच नाही. मुलीकडच्यांनी वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्या घरी देऊन टाकली.

लग्नाला रविवार जरूर पाहावा, कारण पाहुण्यांना सुटी असते. ती सुटी काही सूर्याने दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून १८९० साली ती मिळविली.