पृथ्वीच्या पोटात वजन किती?

पृथ्वीच्या पोटात खोल जावे तसतसे वस्तूचे वजन कमी होत जाते आणि केंद्रापाशी ते शून्य होते, असे आपण शिकतो. पुस्तकातील सूत्राप्रमाणे केंद्राच्या निम्म्या वाटेवर वजन निम्मे भरले पाहिजे. पण प्रत्यक्षात खाणीत उतरल्यावर वजन किंचित वाढते! मग सूत्र चुकीचे आहे काय? नाही. ते ज्या पृथ्वीसाठी मांडले आहे, ती आपली पृथ्वी नव्हे.

प्रथम न्यूटनचे दोन निष्कर्ष लक्षात घेऊ. पोकळ, एकसारख्या गोलाकार कवचाच्या आत असलेल्या वस्तूवर त्या कवचाचे एकूण आकर्षण शून्य असते. कारण सर्व बाजूंच्या ओढी परस्परांना तोलतात. तसेच, वस्तूच्या खाली असलेला गोल असे आकर्षण करतो, की जणू त्याचे सर्व वस्तुमान केंद्राशी एकवटले आहे. तेव्हा आपण खोल उतरलो की डोक्यावरचा थर हिशेबातून वजा करायचा आणि पायाखालच्या गोलाचाच विचार करायचा.

आता समजा, पृथ्वीच्या त्रिज्येचा १ टक्का जाडीचा थर आपण कांद्याच्या पापुद्र्यासारखा सोलून काढला आणि नव्या पृष्ठभागावर उभे राहिलो. केंद्रापासूनचे अंतर १ टक्क्याने घटले. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून एवढ्यामुळे ते सुमारे २ टक्क्यांनी वाढेल. दुसरीकडे वस्तुमानही घटले आहे. पृथ्वीची घनता सर्वत्र सारखी असती, तर वस्तुमान सुमारे ३ टक्क्यांनी घटले असते. दोन्हींचा मेळ घातला की आकर्षणात १ टक्का घट येते. हेच ते पुस्तकातील सूत्र.

पण सोललेल्या थराची घनता सरासरीच्या निम्मीच असेल तर? मग वस्तुमान दीड टक्क्यानेच घटेल आणि आकर्षण अर्ध्या टक्क्याने वाढेल! थोडक्यात, थराची घनता त्याच्यासह आतल्या गोलाच्या सरासरी घनतेच्या दोन-तृतीयांशापेक्षा कमी असेल, तर त्या थरातून खाली जाताना वजन वाढते. पृथ्वीची सरासरी घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ५.५ ग्रॅम आहे. तिचे दोन-तृतीयांश म्हणजे सुमारे ३.७. भूकवचातील खडकांची घनता मात्र साधारण २.७ ते ३ एवढीच असते.

याचा प्रत्यक्ष पडताळा इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८५४ मध्ये घेतला. हार्टन येथील कोळशाच्या खाणीत सुमारे ३८३ मीटर खोलीवर एक लंबक आणि वर जमिनीवर दुसरा, अशी त्यांनी तुलना केली. खालचा लंबक दिवसाला सव्वादोन सेकंद पुढे गेला. गुरुत्व त्वरण वाढल्याशिवाय लंबकाची गती अशी वाढत नाही. या फरकावरून एअरींनी पृथ्वीची सरासरी घनता ६.५६ काढली. आजच्या मूल्यापेक्षा ती बरीच जास्त आहे. परंतु पृथ्वीचा अंतर्भाग वरच्या खडकांहून जड आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

हा जडपणा कोठे आहे, हे भूकंपलहरींनी सांगितले. या लहरींच्या अभ्यासावरून १९०६ मध्ये रिचर्ड ओल्डहॅम यांनी पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे दाखवले. १९३६ मध्ये इंगे लेमान या डॅनिश विदुषींनी त्या गाभ्यातही आणखी एक अंतर्गाभा असल्याचे ओळखले. गाभा मुख्यतः लोखंडाचा आहे. त्याची त्रिज्या सुमारे ३,४८० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या ०.५४६ पट आहे. पण पृथ्वीचे सुमारे ३२.५ टक्के वस्तुमान त्यात आहे. आता गणित करा : ०.३२५ ला ०.५४६ च्या वर्गाने भागले की उत्तर सुमारे १.०९ येते. म्हणजे २,८९० किलोमीटर खोलीवर, गाभ्याच्या सीमेशी, वजन पृष्ठभागापेक्षा ९ टक्के अधिक असते! तेथून पुढे मात्र ते कमी होत जाऊन केंद्राशी शून्य होते.

येथे दुसरी एक गफलत होण्याचा संभव असतो. केंद्राशी वजन शून्य, म्हणून दाबही शून्य, असे अनेकांना वाटते. धान्याच्या पोत्यांची उंच थप्पी डोळ्यांपुढे आणा. सर्वांत खाली एक रिकामे पोते आहे. त्याला स्वतःचे वजन जवळजवळ नाही, म्हणून ते चेपायचे राहील काय? दाब ठरतो तो वरच्या सर्व थरांच्या वजनांच्या बेरजेने. खाली जाताना ही बेरीज वाढतच जाते. केंद्राजवळ वाढीचा वेग मंदावतो एवढेच. म्हणून गुरुत्व त्वरण जेथे शून्य, तेथेच दाब सर्वाधिक असतो. तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३६ लाख पट आहे. अंतर्गाभ्याचे तापमान ५,००० अंश सेल्सिअसच्या वर असूनही तेथील लोखंड घन राहते, ते या प्रचंड दाबामुळेच.

वजन आणि दाब यांतील हा फरक खाण कामगारांच्या जिवाशी निगडित आहे. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. त्या ३ किलोमीटरहून अधिक खोल गेल्या होत्या. तितक्या खोलीवर ५० किलोग्रॅमच्या माणसाचे वजन जेमतेम १० ग्रॅमने वाढते. त्याला ते कळणारही नाही. पण भोवतीच्या खडकावरचा दाब वातावरणाच्या सुमारे ८०० पट होतो. त्यामुळे खडक अकस्मात फुटून स्फोटासारखे उडत. अशा खडकस्फोटांनी तेथे अनेकांचे प्राण घेतले.

तेव्हा कोणतेही सूत्र वापरण्यापूर्वी ते कोणत्या गृहीतावर उभे आहे, हे पाहण्याची सवय लावून घ्या. शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी : चंद्राची सरासरी घनता ३.३४ आहे आणि त्याच्या कवचाची सुमारे २.५५. चंद्रावर खाण खणून आपण खाली उतरलो, तर वजन वाढेल की घटेल?