जुनी मोटार : किंमत आणि मोल

नव्या मोटारीची किंमत ज्यांच्या आवाक्याबाहेर असते, अशा कुटुंबांना जुन्या मोटारींचा बाजार हाच आधार असतो. विक्रेत्याच्या आवारात धुऊनपुसून ओळीने उभ्या केलेल्या गाड्यांत एखादी गाडी इतरांहून बरीच स्वस्त दिसते आणि वर्षानुवर्षे बाजूला टाकलेल्या पैशांत ती बसते. अशा वेळी ग्राहकाने स्वतःला आधी एक प्रश्न विचारावा : ही गाडी इतकी स्वस्त का, आणि त्याचे कारण व्यवहारातील कोणत्या पक्षास ठाऊक आहे?

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात याच प्रश्नाचा ऊहापोह केला. अमेरिकी बोलीत खोट असलेल्या मोटारीस ‘लेमन’, म्हणजे लिंबू, म्हणतात. निबंधाच्या शीर्षकातच हे लिंबू होते. तीन नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता. पुढे २००१ साली मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत ॲकरलॉफ यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच विषयावरील कार्याबद्दल.

त्यांचा युक्तिवाद साध्या हिशेबाने समजतो. समजा, बाजारात सारख्याच दिसणाऱ्या गाड्या आहेत. निम्म्या गाड्यांचे खरे मोल दोन लाख रुपये, तर उरलेल्यांचे एक लाख. आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे विकणारा जाणतो. घेणाऱ्यास ते कळत नाही. म्हणून घेणारा सरासरीने दीड लाख देऊ करतो. चांगल्या गाडीच्या मालकास हा भाव परवडत नाही व तो गाडी विकायला काढीतच नाही. त्यामुळे बाजारात खराब गाड्यांचे प्रमाण वाढते, ग्राहक आणखी कमी भाव देतो आणि अखेरीस बहुधा लिंबेच उरतात.

याच निबंधात भारतातील उदाहरणेही आहेत. त्यांतील एक बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे वेचणाऱ्या गृहिणीचे आहे. दुकानदारास जे ठाऊक असते ते तिला नसते. ही उणीव ती निवडण्याच्या कष्टाने भरून काढते. मोटार घेणाऱ्यासही हाच मार्ग मोकळा आहे.

गाडीची पारख

गाडी नेहमी दिवसाउजेडी आणि इंजिन थंड असताना पाहावी. तापलेले इंजिन सहज सुरू होते व अनेक दोष झाकते. सुरू केल्यावर निळसर धूर येत राहिला तर इंजिनात तेल जळत असल्याची शक्यता असते. दोन दारांमधील फटी कमीअधिक असणे, रंगाच्या छटेत फरक असणे, बॉनेटच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा असणे, ही अपघातानंतरच्या दुरुस्तीची लक्षणे होत. सुरक्षापट्टा पूर्ण बाहेर ओढून पाहावा. त्याच्या टोकाशी चिखलाचा डाग आणि आसनाखाली गंज आढळल्यास गाडी पुराच्या पाण्यात राहिली असण्याचा संभव असतो. किलोमीटरचा आकडा मागे फिरविता येतो. तो कमी असूनही पेडलचे रबर गुळगुळीत झालेले असेल, तर देखभालीची जुनी बिले मागून त्यांवरील आकडे ताडून पाहावेत.

तथापि सर्वांत उपयुक्त परीक्षा यांहून सोपी आहे. ‘आमचा मिस्त्री गाडी पाहील,’ असे ग्राहकाने म्हणावे. ज्यास लपवावयाचे काही नाही तो विक्रेता सहसा हरकत घेत नाही. ‘दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे,’ असे म्हणून तो घाई करू लागला, तर त्या घाईतच पुष्कळसे उत्तर मिळते.

कागदपत्रांची पारख

इंजिन व चासी यांचे क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी स्वतः ताडून पाहावेत. प्रमाणपत्रावर बँकेच्या तारणाची नोंद असल्यास कर्ज फिटल्याचा दाखला मिळून ती नोंद रद्द झाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणी होऊन ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. पंधराव्या वर्षाकडे झुकलेल्या गाडीची स्वस्ताई पुष्कळदा यातूनच आलेली असते. परराज्यातील गाडीस तेथील नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि नव्या राज्यात कराचाही प्रश्न उद्भवतो.

मालकी हस्तांतराचे नमुने २९ व ३० केवळ सह्या करून विक्रेत्याकडे सोडून देण्याची प्रथा घातक आहे. नोंदणीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईसंबंधी मालक समजला जातो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. त्या प्रकरणात गाडी विकली जाऊन अनेक हातांतून गेली होती. विम्याची पॉलिसीही आपल्या नावे करून घेण्यासाठी नव्या मालकाने १४ दिवसांत अर्ज करावयाचा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी प्राधिकारपत्राची तरतूद झाली. म्हणून विक्रेत्याचे प्राधिकारपत्र पाहण्यास मागावे. तोंडी दिलेली हमी पावतीवर लिहून घ्यावी; पुढे ग्राहक आयोगापुढे जाण्याची वेळ आल्यास तिचा पुरावा होतो.

अखेरचा हिशेब

समजा, एखाद्याजवळ दीड लाख रुपये आहेत आणि गाडीही दीड लाखाचीच आहे. वरवर पाहता व्यवहार जुळला. परंतु टायर, बॅटरी, ब्रेक, विमा व हस्तांतर यांचा खर्च अजून व्हावयाचा आहे. सारी पुंजी किमतीतच संपली तर पहिल्या मोठ्या बिघाडास गाडी दारात उभी राहते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, झिजलेल्या ब्रेकांनिशी मुलाबाळांना घेऊन रस्त्यावर धावत राहते. म्हणून मिस्त्रीने सांगितलेला दुरुस्तीचा खर्च किमतीत मिळवावा, अकल्पित बिघाडासाठी काही रक्कम वेगळी राखावी आणि मगच ही गाडी अन्य गाड्यांहून स्वस्त पडते किंवा कसे, ते ठरवावे.

हा हिशेब मांडल्यावरही गाडी परवडत असेल, तर ती केवळ जुनी आहे म्हणून नाकारण्याचे कारण नाही. चांगली निगा राखलेली जुनी मोटार अनेक वर्षे इमानाने साथ देते. मात्र हिशेबात एक जागा जरी कोरी राहिली आणि विक्रेता ती भरू देत नसेल, तर बयाणा न देता घरी परतावे. त्या दिवशी रिकाम्या हाताने आलेल्या ग्राहकाची पुंजी शाबूत असते, आणि पुढची गाडी पाहण्यास तो अधिक जाणता होऊन जातो.